गोळीचे परिणाम मोजा, मग बोला

"गोळी देऊ नका, तिचे साइड इफेक्ट फार वाईट असतात." एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान झालेल्या मुलाच्या आईला ठाण्याच्या माजिवड्यात हे वाक्य कुठेही ऐकावं लागतं. शेजारीण सांगते, नणंद सांगते, क्लासचे सर सांगतात, शेअर रिक्षात बाजूला बसलेल्या अनोळखी बाईही सांगतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या संकुलात पालकांसाठी एक व्याख्यान झालं. तिथे व्यासपीठावरून हेच सांगण्यात आलं: ही औषधं म्हणजे चिठ्ठीवर मिळणारी नशा आहे, ती मुलांना सुन्न करतात, त्यांची उंची खुंटवतात, हृदय बिघडवतात आणि पुढे व्यसनाला लावतात. टाळ्या पडल्या. मी त्या सभागृहात होते आणि माझा मुलगा ही गोळी घेतो.

या औषधाला दुष्परिणाम नाहीत असं मी म्हणणार नाही. ते आहेत आणि काही गंभीर आहेत. "काही होत नाही हो, द्या बिनधास्त," असं सांगून पुढचा पेशंट बोलावणाऱ्या डॉक्टरांवरही माझा तितकाच राग आहे. माझा आक्षेप आहे तो या परिणामांचा बागुलबुवा करण्याला. ते किती जणांना होतात, केव्हा होतात, थांबवता येतात का आणि औषध न देण्याची किंमत काय, यातलं काहीही न सांगता आईबापांना घाबरवून घरी पाठवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. घाबरलेले आईबाप मग काय करतात, तर गोळी गुपचूप बंद करतात. किंवा गुपचूप देतात आणि त्रास झाला तरी कोणाला सांगत नाहीत. दोन्हींत मुलाचंच नुकसान होतं.

आधी औषध कोणतं ते पाहू. भारतात एडीएचडीसाठी जे उत्तेजक औषध दिलं जातं ते मेथिलफेनिडेट. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४४ मध्ये बनवलं आणि १९५४ पासून ते रिटालिन या नावाने विकलं जाऊ लागलं. म्हणजे "हे सगळं आजकालचं फॅड आहे" म्हणणाऱ्या कित्येक आजोबांच्या जन्माच्या आधीचं हे औषध आहे. मेंदूत सोडलं गेलेलं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन लगेच परत शोषलं जाऊ नये, हे त्याचं मुख्य काम. साधी गोळी तीन-चार तास टिकते, हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास. मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक भयकथा अमेरिकेतल्या अ‍ॅडेरॉलच्या असतात. अ‍ॅडेरॉल हे अ‍ॅम्फेटामिनच्या क्षारांचं मिश्रण आहे आणि ते भारतात विकायला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात १३ ते २५ वयाच्या सुमारे सव्वादोन लाख रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. औषध सुरू केल्यावर मनोविकाराची लक्षणं, म्हणजे भास आणि भ्रम, अ‍ॅम्फेटामिन घेणाऱ्यांत मेथिलफेनिडेट घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळली. मेथिलफेनिडेटच्या गटात हे प्रमाण हजारात एक होतं. हजारात एक म्हणजे शून्य नव्हे. भास होऊ लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं असतं, आणि घराण्यात कोणाला असा आजार असेल तर तो आधीच सांगायचा असतो. पण दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या औषधाची कथा वाचून ठाण्यातल्या मुलाची गोळी बंद करणं याला सावधगिरी म्हणता येत नाही.

आता नशेचा आरोप. ठाण्यात तो लगेच पटतो, याचं कारण मला कळतं. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी एफेड्रिनचं जे प्रकरण उघडकीला आणलं, त्याचे धागे सोलापूरच्या कारखान्यापर्यंत गेले होते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडल्याच्या बातम्या तर इथे सतत येतात. उत्तेजक म्हटलं की डोळ्यांपुढे तेच येतं. मेथिलफेनिडेटही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, हेही खरं. औषध कायद्यानेही ते अनुसूची 'एक्स'मध्ये टाकलं आहे. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते. महिना संपत आला की पालक या औषधासाठी दुकानामागून दुकान पालथं घालतात ते त्यामुळेच. ज्या औषधावर इतकी नजर आहे त्याला खिरापतीसारखं वाटलं जाणारं औषध म्हणणं चुकीचं आहे.

मग व्यसन? गोळी तोंडाने, ठरलेल्या मात्रेत घेतली की ती मेंदूत हळूहळू पोचते आणि नशेची ती झटकन येणारी लाट येत नाही. लहानपणी हे औषध घेतलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे पंधरा अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले. औषध घेतल्यामुळे पुढे दारू, तंबाखू किंवा इतर व्यसनांचं प्रमाण वाढल्याचं त्यांत दिसलं नाही. धोका आहे तो दुसऱ्याची गोळी घेण्यात, पूड करून ओढण्यात, परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राला "एक दे ना" म्हणण्यात. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने २०२३ मध्ये या सगळ्या औषधांवरचा ठळक इशारा नव्याने लिहायला लावला तो गैरवापर आणि वाटावाटीबद्दलच. जेईई-नीटची तयारी करणारी मुलं जागं राहण्यासाठी मोडाफिनिल शोधत असतील, तर त्याविरुद्ध व्याख्यान जरूर द्या. ते झोपेच्या आजारावरचं औषध आहे आणि क्वचित त्याने अंगावर जीवघेणी पुरळ उठू शकते. मी पुढच्या रांगेत बसून ऐकेन. पण निदान झालेल्या नऊ वर्षांच्या मुलाला आई कपाटाचं कुलूप काढून सकाळी एक गोळी देते, तिला गैरवापर करणाऱ्यांच्या रांगेत उभं करू नका.

आणि जेईई-नीटच्या क्लासच्या खालच्या मजल्यावर एनर्जी ड्रिंकचे कॅन विकले जातात, त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे या पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं आणि ते लहान मुलांसाठी नाही, असं डब्यावर छापावं लागतं. कॅफीन हेही उत्तेजकच आहे. ते कोणत्या मुलाने किती प्यायलं, त्याला रात्री झोप लागली का, याची नोंद कोणीच ठेवत नाही.

आता खऱ्या त्रासाकडे येते. हा त्रास रोजचा आहे आणि भाषणांत त्याचाच उल्लेख नसतो. भूक मरते. डबा जसाच्या तसा परत येतो. माझ्या मुलाच्या डब्यातली पोळीभाजी पहिल्या काही आठवड्यांत घडीही न मोडता घरी यायची. चौकशी केली तर "भूक नव्हती" एवढंच उत्तर. या औषधाच्या दुष्परिणामांत भूक आणि झोप यांचा क्रमांक सगळ्यात वरचा आहे. २०१५ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन समूहाने १८५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यांतही हेच दोन ठळकपणे पुढे आले. त्या अहवालाने चाचण्यांच्या दर्जाबद्दल कडक शब्दांत शंका घेतली होती आणि औषधाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती लपवू नये. पण भुकेचा बंदोबस्त घरात होऊ शकतो, हे व्यासपीठावरून का सांगत नाहीत? गोळी न्याहारीनंतर द्यायची, आणि न्याहारी बिस्किट-दुधावर उरकायची नाही, पोटभर द्यायची: तुपाचा हात सैल सोडून केलेला उपमा, थालीपीठ आणि लोणी, अंडं खात असतील तर अंडं. दुपारच्या डब्यासाठी भांडायचं नाही. गोळी उतरली की संध्याकाळी सहा-सातला मूल खा-खा करतं, तेव्हा जेवण तयार हवं. रात्री झोपताना पुन्हा काहीतरी. आपल्याकडे मुळातच किडकिडीत मुलं पुष्कळ असतात. त्यामुळे हा त्रास इथे अमेरिकेपेक्षा गांभीर्याने घ्यायला हवा, पण त्यासाठी घरात वजनकाटा लागतो.

झोपेचं गणित तर या भागातल्या मुलांच्या दिनक्रमाशी थेट जोडलेलं आहे. शाळेची बस पहाटे साडेसहाला येते, शाळा दुपारी सुटते आणि चारला क्लास सुरू होतो. मग क्लासमध्ये लक्ष लागावं म्हणून चार वाजता दुसरी गोळी मागितली जाते. ती रात्री आठपर्यंत काम करते, क्लास सुटून वाहतुकीच्या कोंडीतून मूल घरी येतं आणि अकरापर्यंत डोळे टक्क उघडे. दुसऱ्या दिवशी अपुरी झोप, चिडचिड, त्यावरून पुन्हा तक्रार. याचा दोष गोळीला द्यायचा की चारच्या क्लासला? आमच्या डॉक्टरांनी दुसरी गोळी द्यायला नकार दिला आणि क्लास बंद करा म्हणून सांगितलं. मी बंद केला. हा सल्ला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अवघड होता, कारण तो आमच्या अपेक्षांना हात घालत होता.

आणखी एक त्रास आहे, तो डॉक्टरांच्या कानावर बहुतेक जातच नाही. औषधाचा अंमल उतरताना तासभर मूल रडवेलं किंवा भांडकुदळ होतं. ही वेळ साधारण संध्याकाळी पाच-सहाची. आई-वडील तेव्हा कामावर असतात किंवा माजिवडा नाक्याच्या कोंडीत अडकलेले असतात. घरी असते आजी. तीच हे पाहते आणि तीच ठामपणे म्हणते, "या गोळीने पोर बिघडलं." आजीचं निरीक्षण बरोबर असतं. मात्र तिला दवाखान्यात कोणी नेत नाही, म्हणून मात्रा किंवा वेळ बदलून सुटण्यासारखा हा प्रश्न घरातल्या भांडणावरच संपतो. पुढच्या भेटीला आजींना बरोबर न्या. त्यांना जे दिसतं ते शिक्षकांच्या तपासणी-अर्जात येत नाही.

"मुलं सुन्न होतात" हा आरोपही असाच. होतात, काही जणं. हसणं कमी होतं, खेळावंसं वाटत नाही, एखादा मुलगा स्वतःच सांगतो की मला मी असल्यासारखं वाटत नाही. बऱ्याचदा ही मात्रा जास्त झाल्याची खूण असते आणि ती कमी करायची असते. वर्गात मूल एकदम गप्प बसू लागलं म्हणून शिक्षक खूश होतात, त्या दिवशी पालकांनी सावध व्हायला हवं. औषध बरोबर बसलं तर मूल गप्प होत नाही, ते बोलणं पूर्ण करतं. अंग झटकण्याच्या, डोळे मिचकावण्याच्या सवयी या औषधाने वाढतात असं पूर्वी मानलं जायचं. नंतर अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. आणि एक परिणाम असा की लाजेपायी त्याचा उच्चारच होत नाही: मुलग्यांमध्ये अगदी क्वचित लिंगाची वेदनादायक ताठरता येते आणि ती उतरत नाही. एफडीएने २०१३ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. असं झालं तर ताबडतोब रुग्णालयात जायचं असतं. हे वडिलांनी मुलाला आधीच साध्या शब्दांत सांगून ठेवायला हवं, नाहीतर मूल दडवून ठेवेल आणि कायमची इजा होईल.

उंचीबद्दलही बोलू. अमेरिकेत १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेला ५७९ मुलांचा एमटीए हा अभ्यास या विषयातला सगळ्यात गाजलेला. त्यातली सातत्याने औषध घेणारी मुलं तीन वर्षांनी, औषध न घेणाऱ्यांपेक्षा उंचीत सरासरी दोन सेंटिमीटर आणि वजनात दोन किलोंहून जास्त मागे होती. दोन सेंटिमीटर म्हणजे खुंटलेलं मूल नव्हे आणि काहीच नाही असंही नव्हे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे दर सहा महिन्यांनी उंची मोजायची, दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी पाहायचं आणि वाढीची रेघ खाली वाकली तर मे महिन्यासारख्या लांब सुट्टीत औषध थांबवायचं का, याचा डॉक्टरांसोबत विचार करायचा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करायला पैसे लागत नाहीत.

हृदयाची भीती सगळ्यात मोठी, म्हणून आकडे नीट सांगते. या औषधाने रक्तदाब सरासरी दोन ते चार अंकांनी आणि नाडी मिनिटाला तीन ते सहा ठोक्यांनी वाढते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बारा लाख मुलांच्या आणि तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा अचानक मृत्यू यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत वाढलेलं आढळलं नाही. उलट बाजूही लिहिते, कारण ती दडवणं मला मान्य नाही: स्वीडनमध्ये पावणेतीन लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि धमन्यांचे विकार यांचा धोका थोडा वाढलेला त्यात दिसला. म्हणून गोळी सुरू करण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावलाच पाहिजे. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, मूल पळताना कधी चक्कर येऊन पडलं का, हे विचारलंच पाहिजे. संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेली मुलं आपल्याकडे अजून सापडतात. इथे ही तपासणी टाळणाऱ्या डॉक्टरांची मी बाजू घेणार नाही.

"मग आयुर्वेदिक द्या, त्याला साइड इफेक्टच नसतात." पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनासाठी रांगेत उभं राहणाऱ्या आयांशी माझं भांडण नाही. पण त्या बाटलीतून मिळणाऱ्या द्रव्याची भूक, झोप, उंची, रक्तदाब यांच्यावरची मोजणी कोणी दाखवली आहे का? बोस्टनच्या परिसरात विकली जाणारी दक्षिण आशियाई बनावटीची सत्तर आयुर्वेदिक औषधं तपासली गेली, त्यांतल्या चौदांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या औषधाच्या दुष्परिणामांची यादी लांब असते, याचा अर्थ कोणीतरी ते शोधले आणि लिहून ठेवले. यादीच नसेल तर तिथे सुरक्षितता सिद्ध झाली असं होत नाही. उत्तेजक नसलेल्या अ‍ॅटोमोक्सेटिनलाही हेच लागू. ते अनुसूची 'एक्स'मध्ये नाही म्हणून ते निरुपद्रवी, असा समज दिसतो. त्यानेही भूक जाते, मळमळतं, गुंगी येते आणि थोड्या मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. हा इशारा त्यावर २००५ पासून आहे.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. साठ मुलांच्या वर्गात ज्याला आवरता येत नाही त्याला गोळी, हा मार्ग शाळेने सुचवता कामा नये. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. तो आधी द्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये असं दिसलं की वर्गातल्या सगळ्यात लहान, म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के जास्त आणि औषध ४१ टक्के जास्त मिळालं. महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशाचं वय ३१ डिसेंबर ही तारीख धरून मोजतात. नोव्हेंबर-डिसेंबरमधलं मूल जर केवळ वर्गात लहान म्हणून चुळबुळत असेल, तर त्याला गोळीची नाही, एका वर्षाची गरज आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तर दुसऱ्या तज्ज्ञाच्या मताशिवाय औषध देऊच नये. एमटीए अभ्यासातही तीन वर्षांनंतर औषधाच्या गटाची आघाडी उरली नव्हती. म्हणून पालकांचं प्रशिक्षण आणि वर्गातली मदत औषधासोबत हवीच. हे सगळं निदान नीट करा, असं सांगणारं आहे. नीट निदान झालेल्या मुलाचं औषध तोडा, असं यातून निघत नाही.

आणि औषध न देण्याचेही परिणाम असतात, ते या चर्चेत कोणी धरत नाही. डेन्मार्कमध्ये एकोणीस लाखांहून जास्त व्यक्तींच्या नोंदींवरून २०१५ मध्ये दिसलं की एडीएचडी असलेल्यांचा अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, आणि त्याचं मुख्य कारण अपघात. अमेरिकेतल्या तेवीस लाख रुग्णांच्या २०१७ च्या अभ्यासात, औषध चालू असलेल्या महिन्यांत वाहन अपघाताचं प्रमाण पुरुषांत ३८ आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी होतं. जिथे नाशिक महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि पूर्व द्रुतगती मार्ग एकमेकांना मिळतात, त्या माजिवड्यात राहून ज्यांना हे आकडे दूरचे वाटतात, त्यांनी बेभान धावत रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा हात कधी धरलेला नसावा. अठराव्या वर्षी हाच मुलगा घोडबंदर रस्त्यावर दुचाकी घेऊन निघणार आहे.

ही सगळी चर्चा टॉवरमधली आहे, हेही मला खुपतं. माजिवडा गावठाणातल्या, चाळींतल्या, महापालिकेच्या शाळांतल्या अशाच मुलाला कोणी एडीएचडी म्हणत नाही. त्याला वांड म्हणतात, मारतात, शेवटच्या बाकावर बसवतात आणि आठवीपर्यंत तो शाळा सोडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तीस व्याधी तपासायच्या म्हणून त्या कार्यक्रमाने ठरवल्या, त्यांत एडीएचडी आहे. तपासणी पथक शाळेत येतं, वजन-उंची घेतं. त्याच काट्यावर औषध घेणाऱ्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी घेता येईल, त्याच पथकाला नाडी आणि रक्तदाब पाहता येईल, आणि ज्या मुलाला कधीच डॉक्टर दिसला नाही त्याला महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात पाठवता येईल. पुढच्या व्याख्यानाला वक्त्याऐवजी या पथकातल्या डॉक्टरांना बोलवा, आणि सभागृहात रक्तदाबाचं यंत्र आणि वजनकाटा मांडून ठेवा. मी मुलाला घेऊन येते.